बाईंचा वाफा

गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमनने वाचनालयात खताची पोती लावली, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला जाऊन धड महिनाही झाला नव्हता. भेटायला आला होता तेव्हा हाच माणूस आमच्या दारात डोळे पुसत म्हणाला होता, "आक्का, गावाचा आधार गेला हो." आधार गेला आणि खोली मोकळी झाली, म्हणून लगेच ट्रॅक्टर उभा केला तिच्या दाराशी. मी म्हणते, माणसाने रडावं तरी, नाहीतर पोती तरी लावावीत. दोन्ही करायचं तर मध्ये जरा दम खावा.

माझी धाकटी म्हणजे अख्ख्या गावाची बाई. दिवसभर शाळेत शिकवायची आणि शाळा सुटली की सोसायटीच्या मागच्या खोलीत वाचनालय उघडून बसायची. उभा जन्म या दोन जागांत काढला तिने. लग्न केलं नाही. आई मागे लागायची तर म्हणायची, "वर्गात एवढी पोरं आहेत, आणखी घरी कशाला?" आई कपाळाला हात लावायची. माझं लग्न झालं, पोरगा झाला, नवरा लवकर गेला आणि मी पोराला काखेत घेऊन माहेरचं शेत बघायला परत आले. तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात.

घरकामात ती शून्य. दूध तापायला ठेवायची आणि शेजारी पुस्तक उघडायची. दूध खाली, ही भलतीकडेच. "अगं बये, दूध!" म्हणून मी ओरडले की म्हणायची, "आक्के, एवढं पान." त्या एवढ्या पानापायी किती दूध उतू गेलं, मोजायला बसले तर रडू येईल. माझ्या पोराला तिने शिकवलं, चेअरमनला शिकवलं, निम्म्या गावाला शिकवलं. मला मात्र तिला शिकवता आलं नाही. दोनदा बसले होते तिच्यापुढे. अक्षर बघितलं की माझे डोळे मिटायचे. शेवटी तिने हात टेकले. "जाऊ दे आक्के, तू कानाने वाच," म्हणाली. तसं मी भरपूर वाचलंय.

आता हे कानाने वाचणं कुठून आलं ते सांगते. कांदा काढायला आला की तिच्या वर्गातल्या मुली शाळेतून नाहीशा व्हायच्या. एका वर्षी ती तरातरा चालत शेतात गेली, म्हणजे आताच्या चेअरमनच्या बापाच्या शेतात, आणि सगळ्या आयांना म्हणाली, "पोरींना शाळेत पाठवा." कांदा कापणाऱ्या बायकांच्या टोळीची तेव्हाची मुकादमीण मोठी फटकळ. ती म्हणाली, "पाठवते की. पण पोरीचा वाफा कोण कापणार? तुम्ही?"

दुसरी कोणी असती तर मुकाट्याने घरी आली असती. हिने चपला काढल्या, विळा मागितला आणि वाफ्यात बसली. पात कापताना कांद्याला बोटभर मान ठेवायची असते. अगदी मुळाशी कापली तर कांदा सडतो. हिने कांद्याची मान तर ठेवली नाहीच, आपलं बोटही धड ठेवलं नाही. आधी बायका पोट धरून हसल्या. मग रक्त काही थांबेना, तेव्हा मुकादमिणीने तिच्या बोटाला चिंधी बांधली आणि म्हणाली, "उठा बाई. असल्या कापण्याने आमचं काम वाढतंय. तुम्हाला काय येतं ते करा."

"मला वाचता येतं," धाकटी म्हणाली.

"मग वाचा. तुमचा वाफा आम्ही कापतो."

तेव्हापासून तो पायंडाच पडला. मुली शाळेत गेल्या आणि सुट्टीच्या दिवशी बाई पुस्तक घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. टोळीत बाईंच्या नावाचा एक वाफा असायचा, आणि ज्याच्या कानावर गोष्ट पडेल त्याने त्या वाफ्यातला आपला वाटा कापायचा. फुकट ऐकायचं नाही. एकदा वरून कोणी साहेब आला होता वाचनालय तपासायला. खोलीला कुलूप. विचारत विचारत शेतात आला, तर ही मातीत उभी राहून मोठ्यांदा वाचतेय आणि खाली बायका कांदे कापता कापता रडतायत. साहेब म्हणाला, "हा काय प्रकार आहे?" ही म्हणाली, "वाचनालय आहे. बसा." आणि बायकांनी त्याच्या हातात विळा दिला! मी स्वतः बघितलंय. बिचाऱ्याची पँट मातीने भरली.

नोकरीतून मोकळी झाल्यावर तर हंगामभर रोज वाचायची. माझी सून तिच्या हाताखाली तयार झाली. पुस्तकांना पुठ्ठे घालायची, कपाटं पुसायची, कोणतं पुस्तक कुठे आहे ते डोळे मिटून सांगायची. पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की पोरगी कपाटामागे जाऊन बसायची. धाकटी म्हणायची, "आक्के, ही वाचेल बघ एक दिवस." मी म्हणायचे, "आधी बोलू तर दे."

असो. तर यंदा कांदा काढायला आला आणि आभाळही आलं. रोज दुपारनंतर ढग जमायचे, गडगडायचे आणि जायचे. कांदा उपटून वाफ्यात पडलाय, वरची पात सुकतेय, अशा वेळी पाऊस आला तर सगळं पीक कुजतं. गावात टोळी एकच, आणि ती रिवाजाप्रमाणे आधी चेअरमनच्या शेतात. आमचं शेत त्याच्या बांधाला लागून. तिकडे ओळीने वीसेक बायका आणि इकडे आम्ही तिघं, मी, पोरगा आणि सून.

पहिल्या दिवशीच माझी कंबर गेली. उकिडवं बसायचं, डाव्या हाताने कांदा उचलायचा, उजव्याने पात छाटायची, क्रेटमध्ये टाकायचा, पुढे सरकायचं. बोटांच्या चिरांत रस जातो आणि आग होते. पोरगा क्रेट खांद्यावर घालून शेडकडे धावत होता आणि दर फेरीला आभाळाकडे बघत होता. "आई, आपल्याच्याने नाही होणार," म्हणाला. मी म्हटलं, "तोंड चालवू नको, पाय चालव." पण खरं तर मलाही तेच दिसत होतं.

संध्याकाळी सून मला न सांगता चेअरमनकडे गेली. धाकटीची खोली तिच्या जिवाला लागली होती. परत आली ती ओठ दाबूनच. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्याने तिला पायरीवर उभं केलं, फोनवर बोलत राहिला, चहा प्यायला, मग म्हणाला, "अगं, बाई होत्या तोवर वाचनालय होतं. आता वाचायला येतं कोण? मला एक वाचणारं माणूस दाखव, पोती हलवतो." त्याचा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर शेजारी फिदीफिदी हसला.

"मग तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही, आई. शब्दच फुटेना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाला माझ्या बहिणीने अक्षर न् अक्षर गिरवून दिलं, त्याने तिच्याच हाताखालच्या पोरीला पायरीवर उभं करावं! मी तेव्हाच निघाले होते. पोराने हात धरला. "उद्या कांदा कापायचाय, आई. भांडायला पुढे आयुष्य पडलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बसता येईना, उठता येईना. सून म्हणाली, "आई, तुम्ही घरी जा." मी म्हटलं, "घरी जाऊन काय करू, छताकडे बघू? असं कर, मावशी शेवटी वाचत होती ते पुस्तक घरी आहे ना? ते आण आणि वाच. धाकटी वाचायची तेव्हा मला कंबर आहे हेच आठवायचं नाही. तुझा वाफा मी कापते."

"इथे? त्या सगळ्या बायका पलीकडे आहेत."

"त्यांना कुठे ऐकवतेयस? मला ऐकव. मी काय परकी आहे?"

पुस्तक आणलं. एका नावाडणीची गोष्ट होती. नवरा नदीत बुडतो आणि दीर होडी बळकावतो. मग ही एका रात्री आपलीच होडी चोरून नेते. सुरुवातीला सून अशी वाचत होती की शेजारच्या कांद्यालाही ऐकू जाऊ नये. मी म्हटलं, "काय गं, नावाडीण मेली की काय?" तशी जरा हसली आणि आवाज सोडला. पोरीचा आवाज चांगला निघाला हो. घशातला नव्हे, पोटातला. मी वाफ्यामागून वाफा सरकत होते आणि ती बरोबर चालत होती.

वारा पलीकडे वाहत होता. थोड्या वेळाने बघते तर चेअरमनच्या शेतात गंमत चाललेली. सगळ्या बायकांना बांधाकडचाच वाफा हवा! एक इकडे सरकली, तिच्यामागे दुसरी. मधले वाफे तसेच पडलेले आणि बांधाशी सगळी टोळी गोळा. त्यांची मुकादमीण, जिला आम्ही सगळे तोफ म्हणतो, ती तर पाठ आमच्याकडे करून बसली होती, पण हात थांबलेला. तेवढ्यात चेअरमन आला. त्याने ते बघितलं आणि बांधावरूनच ओरडला, "ए! तुम्हाला काम करायला आणलंय, गोष्टी ऐकायला नाही. कान इकडे ठेवा!"

तोफ उठली. विळ्याचं पातं फडक्याला पुसलं. "कान आमचेच आहेत ना, चेअरमन? का तेही सोसायटीचे?" असं म्हणून बांध ओलांडून सरळ माझ्याकडे आली. "आक्का, उद्यापासून आम्ही इकडे. बाईंचा वाफा धरून ठेवा."

माझा पोरगा क्रेट खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "आ वासून काय बघतोस? आणखी क्रेट आण."

सकाळी टोळी आली. सून घामाघूम. एवढ्या बायका समोर बसलेल्या आणि ही नुसती पानं उलटतेय. तोफ तिच्याकडे न बघताच म्हणाली, "पोरी, बाईसुद्धा पहिल्या दिवशी तीनदा अडखळल्या होत्या. माझी आई सांगायची. चल, सुरुवातीपासून घे." सुनेने घेतलं. चारदा अडखळली. मग नावाडीण होडीत बसली आणि हिला टोळी दिसेनाशी झाली. बायका कापत होत्या, मध्येच दिराला शिव्या घालत होत्या, "मेल्या, तुझं होडीत काय ठेवलंय!" आणि हात असे चालले होते की पोराला शेडपर्यंत पळता भुई थोडी झाली. सुनेच्या नावाचा वाफा सगळ्यांनी मिळून कापला. मी त्या वाफ्याकडे बघत होते आणि माझा ऊर भरून येत होता. धाकटी गेली, पण तिचा वाफा जागेवर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचा कांदा शेडमध्ये गेला. शेवटचे कांदे कापताना पुस्तकही शेवटाला आलं. पूर आलाय, होडी मध्यावर, वल्हं मोडलंय आणि पलीकडच्या नावेतून तोच दीर दोर फेकतो. म्हणतो, "धर." वाचवायला फेकलाय की होडी ओढून न्यायला, कोणाला ठाऊक! नावाडीण दोराकडे बघते. आणि सुनेने पुस्तक मिटलं.

"मिटलंस काय? पुढे?" तोफ म्हणाली.

"पुढे नाही. पहिला भाग संपला."

"आणि दुसरा?"

"वाचनालयात. खिडकीकडच्या कपाटात." सून जरा थांबली. "कपाटापुढे छतापर्यंत पोती आहेत."

तेवढ्यात बांधावर चेअरमन दिसला. आज त्याचा तोरा उतरला होता. मागे आभाळ काळंठिक्कर आणि त्याचा निम्मा कांदा उघड्यावर. तो तोफेला म्हणाला, "झालं ना तुमचं इकडे? मग चला. झालं गेलं विसरा. वेळ कशी आहे बघताय ना?"

"येतो की," तोफ म्हणाली. "पण वाचणारी पाहिजे. आता तिच्याशिवाय हात चालत नाही आमचा."

चेअरमनने मान खाजवली आणि माझ्यापुढे आला. "आक्का, सूनबाईला पाठवा ना दोन दिवस."

मला किती बोलायचं होतं म्हणून सांगू. तीन रात्री मनात सगळं पाठ केलं होतं. पण त्याच्या मागचा तो उघडा कांदा दिसला आणि माझा जीव विरघळला. कोणाचाही असो, कांदा कांदाच. मी एवढंच म्हटलं, "पाठवते. पण ती वाचणार काय? पुस्तक तुझ्या पोत्यांमागे आहे."

"परवा हलवतो. शब्द देतो."

वर गडगडलं.

"शब्द नको," तोफ म्हणाली. "दुसरा भाग दे."

काय करतो! ड्रायव्हर तालुक्याला गेलेला, ट्रॅक्टर त्याच्याबरोबर. चेअरमन गडी घेऊन खोलीकडे निघाला आणि मीही काठी टेकत मागोमाग. म्हटलं, बघू तर. गड्यांबरोबर त्याने स्वतः पाठीवर पोती घेतली. मऊ हाताचा माणूस, तिसऱ्या पोत्याला भिंत धरून उभा राहिला. मी धाकटीच्या खुर्चीवरची खताची धूळ फडक्याने पुसली आणि बसले. "आणखी चार आहेत रे डावीकडे," म्हटलं. हळूहळू कपाटं दिसायला लागली. काचेमागे सगळी पुस्तकं होती तशीच, सुनेने घातलेल्या पुठ्ठ्यांत. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यातली निम्मी मी ऐकलेली.

शेवटचं पोतं बाहेर गेलं. चेअरमन घाम पुसत आत आला आणि खोलीभर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आक्का, बाई त्या कोपऱ्यात बसवायच्या मला. जोडाक्षरं येईपर्यंत उठू द्यायच्या नाहीत."

"आणि आली की?"

"आली की गोष्टीचं पुस्तक द्यायच्या." त्याने खिशातून खोलीची किल्ली काढली. "कोणाकडे ठेवायची?"

"पायरीवर उभी केली होतीस ना, तिच्याकडे."

तो मान खाली घालून शेतात गेला आणि सगळ्या टोळीदेखत किल्ली आणि पुस्तक सुनेच्या हातात दिलं. "चुकलं माझं, सूनबाई," म्हणाला. सुनेने आधी पुस्तक घेतलं, मग किल्ली.

मग काय ती कापणी! आभाळ डोक्यावर आलेलं, गडी ताडपत्र्या ओढतायत, माझा पोरगासुद्धा त्याचे क्रेट वाहतोय आणि मध्ये उभी राहून माझी सून वाचतेय. पण दुसऱ्या भागाचा लेखक महावस्ताद. दोराचं नावच काढेना! त्याने दिराचं लहानपण काढलं, त्याच्या आईचं आजारपण काढलं. बायका म्हणतायत, "अरे मेल्या, दोराचं बोल." चेअरमन आधी बांधावर उभा होता. मग दोन पावलं आत आला. मग सुनेच्या पाठीशीच येऊन उभा राहिला. तोफेने एक विळा त्याच्यापुढे धरला. त्याने विळ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि बसला खाली. ज्याला ऐकायचं त्याने कापायचं. बाईंच्या वाफ्याला चेअरमन वगैरे कोणी नसतो.

शेवटचा क्रेट भरला आणि टपटप थेंब पडायला लागले. गड्यांनी ताडपत्री खेचली, बायका शेडकडे पळाल्या. सुनेने पुस्तक मिटून पोटाशी धरलं आणि फडक्याने झाकलं. तेवढ्यात मागून चेअरमन ओरडला. हातात विळा, केसांत माती, एका पायात चप्पल नाही.

"अगं, मिटतेस काय? दोर! दोर धरला का तिने?"

सगळी टोळी वळून त्याच्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता पोरीची वाचा बसणार. पण माझी सून पावसात थांबली, मान ताठ करून म्हणाली, "उद्या संध्याकाळी वाचनालयात या. आणि येताना हात धुऊन या."

तोफ एवढ्या मोठ्यांदा हसली की पलीकडच्या शेतातली माणसं वळली. मीही हसले, आणि मग मला रडूच आवरेना. पोरगा म्हणाला, "आई, कंबर दुखतेय का?" मी म्हटलं, "नाही रे बाळा. तुझ्या मावशीचा अभिमान वाटतोय, आणि तो मावतच नाहीये."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून किल्ली घेऊन गेली, तर चेअरमन तिच्याही आधी येऊन पायरीवर उभा होता.